काहीतरी चावलंय? मेडिकलमध्ये काय मागायचं आणि काय नाही

पावसाळा सुरू झाला की मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य सतत कानावर पडतं : "काहीतरी चावलंय हो, एखादी ट्यूब द्या." ट्यूब मिळते, पैसे दिले जातात, गिऱ्हाईक निघून जातं. काय चावलं, कधी चावलं, कुणाला चावलं आणि त्या ट्यूबमध्ये आहे काय, यातलं कुणीच काही विचारत नाही. मी फार्मासिस्ट आहे, काउंटरच्या आतल्या बाजूने हे रोज पाहते, म्हणून हा लेख. पहिल्यांदाच घराबाहेर राहणारी मुलंमुली, नवे आईबाबा, शहर सोडून गावी किंवा कोकणात राहायला गेलेली मंडळी, अशा ज्यांना हे स्वतः ठरवायची सवय नाही त्यांच्यासाठी.

माझं म्हणणं एवढंच आहे. बहुतेक चाव्यांना साबण-पाणी, बर्फ, कॅलामाइन आणि लागलीच तर ॲलर्जीची एक साधी गोळी पुरते. ज्यांना एवढं पुरत नाही, त्यांना मेडिकलमधलं दुसरं काहीही पुरणार नाही. त्यांनी दवाखाना गाठायचा. आणि लोक सगळ्यात जास्त नेतात ती "खाजेची ट्यूब" या दोन्हींत कुठेच बसत नाही.

पायरी १ : मेडिकल की दवाखाना, हे आधी ठरवा

चावल्यानंतर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चाव्याच्या जागेपासून लांबही काही व्हायला लागलं, तर ती साधी गोष्ट नाही. अंगभर गांध्या उठणं, ओठ-जीभ-डोळे सुजणं, आवाज घोगरा होणं, छातीत घरघर, दम लागणं, उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर असं झालं तर ती तीव्र ॲलर्जी असते आणि तिच्यावर एकच औषध लागू पडतं : मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी अशा वेळी उपयोगाची नाही. ती लागू पडायला तासभर जातो आणि ती घसरलेलं बीपी सावरत नाही, आवळलेली श्वासनलिकाही मोकळी करत नाही. "गोळी देऊन बघू, नाही उतरलं तर जाऊ" हा विचारच घातक आहे. १०८ ला फोन करा, माणसाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसतं ठेवा, पण उठून चालायला लावू नका.

डंख घशात, तोंडात किंवा डोळ्याला बसला असेल तरी थेट दवाखाना. एकदम खूप डंख बसले असतील तरीही. गडकिल्ल्यांच्या कड्यांना, जुन्या पुलांना, उंच झाडांना आग्या मोहोळं लटकलेली असतात; ती उठली की एका माणसाला पाच-पन्नास माश्या सहज चावतात. अशा वेळी ॲलर्जी नसली तरी विषाचं प्रमाणच इतकं होतं की स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि ती दुसऱ्या दिवशी कळते. लहान मुलाला दहाएक डंखही जास्तच. बरं वाटत असलं तरी दाखवून या.

विंचवाला मेडिकलमध्ये औषध नाही. कोकणातला लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड अशी लक्षणं दिसतात. त्याचा भार हृदयावर येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरतं हे दाखवून दिलं आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. पण ते औषध कधी आणि किती द्यायचं, हे डॉक्टरच ठरवतात. मुलाला विंचू चावला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे लगेच.

आणि एक गोष्ट मला जीव तोडून सांगायची आहे. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे "काहीतरी चावल्यासारखं वाटलं" म्हणून उठला आणि त्याचं पोट दुखत असेल, पापण्या जड होत असतील, गिळता येत नसेल, तर तो किडा समजू नका. मण्यार ही सापाची विषारी जात अशीच चावते. वेदना जवळजवळ नसते, दातांच्या खुणा दिसतीलच असं नाही, सूजही येत नाही. मलम शोधण्यात एक मिनिटही घालवायचा नाही, सर्पदंशाची लस असलेलं रुग्णालय गाठायचं.

पायरी २ : काय चावलं, याचा अंदाज घ्या

डासाचा चावा सगळ्यांच्या ओळखीचा. ढेकणाचे चावे बहुतेकदा ओळीत येतात, उघड्या राहणाऱ्या अंगावर, सकाळी उठल्यावर दिसतात. पिसवांचे घोट्याभोवती आणि पोटऱ्यांवर. लाल मुंगी चावली की आग आधी, खाज नंतर. काही वेळा दुसऱ्या दिवशी पांढऱ्या टोकाची बारीक पुळी येते, ती फोडू नका. सुरवंट अंगाला लागला तर चोळू नका, केस आणखी आत जातात. चिकटपट्टी जागेवर हलकी दाबून उचलायची, असं तीन-चार वेळा नव्या तुकड्याने करायचं आणि मगच धुवायचं.

दोन गोष्टी चावा नसूनही चावा म्हणून काउंटरवर येतात. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा बारीक, लांबट, काळा-नारिंगी किडा चावत नाही. मानेवर बसला आणि आपण हाताने चिरडला की त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा लांबट लाल पट्टा उठतो, त्यावर बारीक फोड येतात. लोक म्हणतात अंगावरून कोळी गेला, कुणी म्हणतं नागीण झाली. पेडेरस नावाचा हा किडा असतो. तो फुंकर मारून उडवायचा, रस लागलाच असेल तर लगेच साबणाने धुवायचं. दुसरी गोष्ट खरूज. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, आणि घरात आणखी कुणालातरी तेच. तिचा उपचार वेगळा, सगळ्या घराने एकाच वेळी करायचा असतो. तो डॉक्टरांकडून समजून घ्या. खरजेवर महिनाभर कॅलामाइन लावत बसलेली घरं मी पाहिली आहेत.

पायरी ३ : दुकानात जाण्याआधीची दहा मिनिटं

मधमाशी चावली असेल तर काटा कातडीत राहतो आणि त्याला विषाची बारीक पिशवी चिकटलेली असते. माशी उडून गेल्यावरही ती पिशवी आकुंचन पावत विष आत सोडत राहते. म्हणून काटा काढायचा तो ताबडतोब, पहिल्या काही सेकंदांत. नखाने खरवडा, चिमटीत धरा, एटीएम कार्डाच्या कडेने ओढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. चिमटा शोधायला घरात जाऊ नका. गांधीलमाशीचा काटा राहत नाही, ती पुन्हा पुन्हा चावू शकते, म्हणून आधी तिथून दूर व्हा. मधमाशी चावताना सोडते तो वास इतर माश्यांना बोलावतो, त्यामुळे मोहोळाजवळ थांबून काटा काढत बसायचं नाही. तोंड झाकून पळायचं आणि सुरक्षित जागी पोचताच काटे काढायचे.

मग साबण आणि वाहतं पाणी. हाताला चावलं असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ आत्ताच काढा. सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते. त्यानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, थोडं थांबून पुन्हा. बर्फ थेट कातडीवर नको. खाज आणि सूज या दोन्हींवर बर्फाइतकं झटपट काम करणारं दुकानात फारसं काही नाही, पण तो फुकटचा असल्याने लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही.

चुना, रॉकेल, शेण, टूथपेस्ट, कांदा, चाव्यावर लोखंड घासणं, हे सगळं थांबवा. विष तोवर कातडीखाली गेलेलं असतं, वरून लावलेला चुना त्याला मारत नाही, उलट कातडी भाजतो. डेटॉल-सॅव्हलॉन पाण्यात न मिसळता चोळल्याने भाजलेली कातडी दाखवायला येणारेही असतात. आजीने हळदीचा लेप लावला तर त्यावरून घरात भांडू नका, पण कातडी फुटली असेल तर तिथे साबण-पाण्याखेरीज काही नको.

पायरी ४ : काउंटरवर

आता दुकान. "खाजेचं काहीतरी द्या" म्हणू नका. औषधाचं नाव घ्या, ब्रँडचं नव्हे, आतल्या घटकाचं.

कॅलामाइन लोशन. पहिली पसंती हीच. जस्ताचं संयुग असलेलं हे गुलाबी लोशन सुकताना गारवा देतं आणि खाज कमी करतं. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, सगळ्यांना चालतं. बाटलीत गुलाबी गाळ तळाशी बसतो आणि वर पाणी राहतं, म्हणून प्रत्येक वेळी चांगली हलवायची; न हलवता लावलं तर नुसतं पाणी लागतं आणि मग "काही फरक नाही" अशी तक्रार येते. कापसाच्या बोळ्यावर घेऊन टिपकायचं, चोळायचं नाही, सुकू द्यायचं. दिवसातून तीन-चार वेळा. डोळे, तोंड आणि उघडी जखम टाळायची. लेबल मात्र वाचा. चेहऱ्याच्या तेलकटपणासाठी मिळणाऱ्या काही सौंदर्यप्रसाधनांच्या नावातही कॅलामाइन असतं. ती वाईट नाहीत, पण चाव्यासाठी ती बनलेली नाहीत. काही लोशनमध्ये डायफेनहायड्रामिन मिसळलेलं असतं. ते कातडीला लावून काहींना उलट त्याचीच ॲलर्जी होते, आणि लहान मुलाच्या अंगभर थापलं तर शरीरात शोषलं जाऊन गुंगी येते. साधं कॅलामाइन मागा.

ॲलर्जीची गोळी. एकदोन चाव्यांना लागत नाही. चावे बरेच असतील, खाजेने झोप लागत नसेल किंवा गांध्या मोठ्या असतील तर सेट्रिझिन १० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला दिवसातून एक, शक्यतो रात्री. लिव्होसेट्रिझिन असेल तर ५ मिलिग्रॅम. दोन्ही एकत्र नको. दोन-तीन दिवस पुरे. थोडी गुंगी येऊ शकते, तेव्हा पहिली गोळी घेऊन लगेच बाईकवर बसू नका, आणि सोबत दारू तर अजिबात नको. एव्हिल म्हणून ओळखली जाणारी फेनिरामिनची गोळी जुनी आणि घरोघरी माहीत असलेली आहे, पण ती जास्त झोप आणते; शाळेत, कामावर, गाडीवर जाणाऱ्याला सेट्रिझिन बरी. सर्दीची गोळी चालू असेल तर तिच्यात बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतंच, म्हणजे ॲलर्जीचं औषध आधीच पोटात आहे. मूत्रपिंडाचा आजार, प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू असेल तर स्वतःहून घेऊ नका.

इथे काउंटरवर एक गोष्ट घडते. सेट्रिझिन मागितली की कधी कधी लिव्होसेट्रिझिन आणि माँटेलुकास्टची जोडगोळी हातात येते. माँटेलुकास्ट हे दम्यासाठी आणि ॲलर्जीच्या सर्दीसाठीचं औषध. डासाच्या चाव्यावर त्याची गरज नाही आणि काही जणांची झोप व मनःस्थिती ते बिघडवतं. सरळ म्हणा : "दादा, नुसती सेट्रिझिन द्या, माँटेलुकास्ट नको." चांगला केमिस्ट यावर रागावत नाही.

दुसरं, स्ट्रिप कापून दोन गोळ्या घेताना नाव आणि मुदतीची तारीख कुठल्या तुकड्यावर राहिली ते बघा. तारीख एकाच टोकाला छापलेली असते आणि कात्री बरोबर तिथूनच फिरते. नाव नसलेला चांदीचा चौकोनी तुकडा सहा महिन्यांनी पर्सच्या कप्प्यात सापडला तर ती गोळी कसली, हे कुणालाच सांगता येत नाही. नाव-तारीख असलेला भाग मागून घ्या, किंवा फोनवर अख्ख्या स्ट्रिपचा फोटो काढून ठेवा.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल, मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. डासांच्या दिवसांत ताप असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता ती ट्यूब. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नुकसान इथेच होतं. "खाज, गजकर्ण, चावा, सगळ्यावर चालते" म्हणून मिळणाऱ्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक नाव दिसेल. हे स्टेरॉइड. सोबत जेंटामायसिन किंवा निओमायसिनसारखं अँटिबायोटिक, आणि वर क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध. तीन-तीन, चार-चार औषधं एका ट्यूबमध्ये, आणि तुम्हाला फक्त डास चावलाय.

लावल्यावर खाज एका रात्रीत थांबते, हे खरं. म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. मग तीच ट्यूब कपाटात राहते आणि पुढच्या वेळी मांडीतल्या गजकर्णाला, मुलीच्या गालावरच्या पुळीला, बाळाच्या लंगोटाखालच्या लालीला लागते. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, मांड्यांवर कायमचे चट्टे उमटतात, चेहऱ्यावर पुरळ आणि लाली येते, ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते. गजकर्ण तर वरून दबतं आणि आतून पसरतं. मग ते ओळखूही येत नाही आणि साध्या औषधाने जातही नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ दिसली तर समजा, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीचं आहे. ते परत काउंटरवर ठेवा. मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवरही घेऊ नका.

परदेशात असलेल्यांना इथे फरक जाणवेल. अमेरिकेत १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे सौम्य स्टेरॉइड, मांडणीवरच मिळतं. ब्रिटनमध्येही ते औषधविक्रेत्याकडून मिळतं, पण चेहऱ्यासाठी नाही आणि दहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. चाव्यावर ते दिवसातून एक-दोनदा, पातळ थरात, आठवड्याच्या आत संपवायचं. भारतात भेट द्यायला येताना मामासाठी चार ट्यूब आणू नका.

घरात आधीच असलेल्या वस्तू. बाम लावल्यावर गार-गरम वाटतं आणि मेंदूचं लक्ष खाजेवरून हटतं, एवढाच त्याचा उपयोग. खाजवून फुटलेल्या कातडीवर तो झोंबतो, आणि कापूर असलेला बाम दोन वर्षांखालच्या बाळाला लावायचाच नाही. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ओडोमॉस डास चावू नये म्हणून आहे, चावल्यावर लावायला नाही. बोरोलीनसारखी मलमं कोरड्या कातडीला ठीक, खाजेवर नाहीत. अँटिबायोटिक मलम पिकलेल्या जागेखेरीज कुठेच नको.

लहान मुलं आणि गरोदर बायका

दोन वर्षांखालच्या बाळाला ॲलर्जीचं सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्याहून मोठ्यांनाही मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, शेजारच्या मुलाच्या बाटलीवरून नाही. सिरप घरातल्या चमच्याने मोजू नका, सोबत मिळणाऱ्या मापानेच द्या. मुलांची नखं कापणं आणि रात्री पायांत सुती मोजे घालणं, याने पू होण्याची निम्मी भीती जाते. गरोदरपणी बर्फ आणि साधं कॅलामाइन खुशाल वापरा. गोळी मात्र तुमच्या डॉक्टरांना फोन करूनच.

पुढचे दोन-तीन दिवस

मधमाशी-गांधीलमाशीची सूज दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त दिसते. मनगटाला चावलं आणि कोपरापर्यंत हात सुजला, तरी जागा खाजत असेल आणि ताप नसेल तर ती बहुतेक वेळा ॲलर्जीचीच सूज असते. लोक इथे घाबरून अँटिबायोटिक मागतात. त्याची गरज नसते. हात उंच ठेवा, बर्फ आणि रात्रीची गोळी चालू ठेवा. पण दोन-तीन दिवसांनंतर लाली पुन्हा पसरायला लागली, जागा गरम आणि ठणकणारी झाली, पू आला, लाल रेघ वर चढली किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग, डॉक्टरांना दाखवा. पेनाने लालीच्या कडेवर रेघ मारून ठेवली की पसरतेय का ते कळतं. मधुमेह असेल तर वाट बघू नका.

रानातून, शेतातून आल्यावर गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडेपेटी, तेल काही नको. तारीख लिहून ठेवा. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी भागात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोचिडीतून माकडताप पसरलेला आहे. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती. तो गवतातल्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे होतो आणि चाव्याच्या जागी, बहुधा काखेत किंवा जांघेत, सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "मी रानात गेलो होतो, इथे चावलं होतं" हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतः सांगा आणि खपली दाखवा. लवकर ओळखला तर स्क्रब टायफस साध्या गोळ्यांनी बरा होतो.

घरात ठेवायचं ते एवढंच : कॅलामाइनची एक छोटी बाटली, सेट्रिझिनची अख्खी स्ट्रिप, पॅरासिटामॉल, चिमटा, चिकटपट्टी. बाटली उघडलेल्या दिवसाची तारीख लेबलवर पेनाने लिहा आणि उघडल्यावर किती महिने वापरायची ते लेबलवरच वाचा. ज्यांना पूर्वी एकदा मधमाशी चावून अंगभर गांध्या किंवा दम लागला असेल, त्यांनी या डब्यावर विसंबू नये. ट्रेकला जाण्याआधी ॲलर्जीतज्ज्ञांना भेटून ॲड्रिनॅलिन जवळ ठेवायचं का, ते कसं टोचायचं हे शिकून घ्यावं, आणि सोबतच्या दोघांनाही ते शिकवून ठेवावं.